केबलवाला गणराज आणि काळ्या पट्ट्या

आमच्या गावात टीव्हीवर जे काही दिसतं त्याला गणराज जबाबदार असतो. वादळात वायर तुटली आणि चित्र गेलं तर त्याला फोन करावा, हे समजण्यासारखं आहे. पण मालिकेतल्या सासूने सुनेला घराबाहेर काढलं तरी फोन त्यालाच. क्रिकेटमध्ये आपला गडी भोपळा न फोडता परतला, की नाक्यावरची माणसं गणराजकडे अशी बघतात जणू बॅट त्याच्याच हातात होती. कोणी काहीही बोललं तरी त्याचं उत्तर ठरलेलं. "बघतो," म्हणतो आणि स्कूटर चालू करतो. नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलेलं नाही. हा त्याचा गुण की अवगुण, यावर त्याच्या बायकोचं आणि आईचं अजून एकमत व्हायचं आहे.

आमचं गाव उरणकडचं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कंटेनरच्या थप्प्या. गणराजच्या वडिलांचं मिठागर होतं. बंदर आलं, मिठागर गेलं, आणि त्याच्या वयाच्या पोरांनी ट्रेलर घेतले नाहीतर न्हावा शेव्याला कामाला लागली. गणराजला मात्र वायरीचा नाद. त्याने नारळाच्या झाडांवरून, शाळेच्या कौलांवरून, एका ठिकाणी तर चक्क पिंपळाच्या पारावरून वायर ओढून गावात केबल आणली. पुढे आपलं छोटं चॅनलही काढलं. त्यावर गावची जत्रा, हळदी, बारशी, पावसाळ्यानंतरचे क्रिकेटचे सामने, सगळं दाखवतो. आता पोरंटोरं मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली असली तरी संध्याकाळी चुलीकडची कामं आटोपली की बायका अजून तेच चॅनल लावतात. परक्याचं नाटक बघण्यापेक्षा आपल्या शेजारणीची साडी बघण्यात जास्त रस असतो, आणि मला तरी त्यात काही चूक दिसत नाही.

काळ्या पट्ट्यांचं प्रकरण तसं जुनं. सिनेमाचा पडदा असतो लांबलचक आणि टीव्ही त्यामानाने आखूड. लांब चित्र पुरतं दाखवायचं तर ते लहान करून मध्ये बसवावं लागतं, आणि मग वर-खाली काळ्या पट्ट्या उरतात. गणराजने सुरुवातीला तसंच दाखवलं. त्या संध्याकाळी मोरू तावातावाने त्याच्या दारात आला. मोरू म्हणजे मनुबाईचा नवरा. मिठागरात काम केलेला, पुढे कंटेनर यार्डात रखवालदार झालेला, उंचनिंच आणि कडक माणूस. त्याचं म्हणणं एकच होतं: टीव्ही अख्खा घेतलाय, मग चित्र अर्धं का? वरचं आणि खालचं कोणी बंद करून ठेवलंय? गणराजने समजावून सांगितलं. मोरूने ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

शेवटी गणराज त्याच्या घरी गेला आणि रिमोटवरचं एक बटण दाबून चित्र मोठं केलं. पट्ट्या गेल्या, टीव्ही काठोकाठ भरला. चित्राच्या दोन्ही कडा मात्र पडद्याबाहेर गेल्या. मोरूला त्याचं काही वाटलं नाही, कारण जे दिसतच नाही ते गेलं हे कळणार कसं? तो खूश झाला, चहा पाजला, आणि गावभर सांगितलं की बटण दाबून घ्या. त्यानंतर गणराज आपल्या चॅनलवर सगळंच मोठं करून सोडायला लागला, आणि लोकांनी आपापले टीव्ही पुन्हा पहिल्यासारखे केले. जत्रेतल्या कार्यक्रमाचा कडेचा ढोलकीवाला जायचा, कधी नाचणाऱ्या ओळीतले दोघे-तिघे जायचे. पण कडेच्या ढोलकीवाल्याची चौकशी कोण करतं? ढोलकी ऐकू येतेय ना, मग झालं. एवढी वर्षं एकानेही तक्रार केली नाही.

आता गणराजच्या आईबद्दल सांगायला हवं. तिचं नाव येसूबाई, आणि ती गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक पुरला की तिथपासून सगळ्या विधींना ती धवले गाते, देवांना एकेकाला नावाने बोलावते, नवरानवरीला आणि त्यांच्या सात पिढ्यांना गाण्यात गुंफते. भटजी मागाहून येतो आणि लवकर जातो. धवलारीण आधीपासून असते आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत बसते. आमच्याकडे जोडीने गायची चाल आहे. चौकाच्या एका टोकाला येसूबाई बसते, दुसऱ्या टोकाला मनुबाई, तोंडं एकमेकींकडे. येसूबाई ओळ उचलते, मनुबाई ती झेलते आणि पुढे नेते. मधूनमधून दोघी हात लांब करून चौकावर तांदूळ वाहतात. दोघींचं माहेर एक, खाडीपलीकडचं. लहानपणी बांधावर बसून आज्यांकडून गाणी शिकल्या आणि नशिबाने सासरही एकाच गावात मिळालं. गणराज मनुबाईला मावशी म्हणतो, आणि लहानपणी तो आईच्या हातचं जेवला त्याहून जास्त मावशीच्या हातचं जेवला असेल.

मोरू गेला तेव्हा मनुबाईने गाणं सोडलं होतं. आमच्या गावात धवलारणीला कुंकवाची अट नाही, तिला गाणी पाठ हवीत एवढंच. पण बोलणारी तोंडं कुठल्या गावात नसतात? एका हळदीला नवऱ्या मुलाच्या चुलतीने, मनुबाईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, दुसरी कोणी मिळाली नाही का म्हणून विचारलं. मनुबाई उठून घरी आली ती पुन्हा कुठल्या मांडवात गेली नाही. येसूबाईने बराच काळ वाट पाहिली, मग स्वतःही लग्नांना जायची बंद झाली. तिचं म्हणणं, ओळ उचलायची ती झेलायला समोर कोणी असतं म्हणून. भिंतीकडे बघून कोण गातं? शेवटी तिने मनुबाईला हाताला धरून बाहेर काढलं, आणि ते निमित्त होतं चौलच्या कार्यक्रमाचं.

मुंबईहून तेजस्वी नावाची एक मुलगी आली होती. ती सिनेमे करायची. आपल्या किनाऱ्यावरच्या गाण्यांची एक मोठी मैफल भरवायची आणि तिचा सिनेमा करायचा, असं तिच्या मनात होतं. चौलला एका नारळी-पोफळीच्या वाडीत रंगमंच बांधला. आमच्या दोघी करंजा बंदरातून तरीच्या होडीने रेवसला गेल्या आणि तिथून टेम्पोने चौलला. सोबत गणराज होताच. तेजस्वीने दोघींना घरी बसतात तसंच बसवलं, या टोकाला एक, त्या टोकाला एक, मध्ये तांदळाच्या पिठाचा मोठा चौक आणि समई. जवळ बसा असं ती म्हणाली नाही, याचं येसूबाईला फार बरं वाटलं. मनुबाई आधी घाबरली होती. मग गायला लागली आणि गात राहिली. वाडीतले लोक उठायला तयार नव्हते. परतताना तरीत ती सारखी हसत होती, आणि मोरू गेल्यानंतर तिला असं हसताना आपण पहिल्यांदा बघितलं असं गणराज सांगतो.

सिनेमा मुंबईत एकदा मोठ्या पडद्यावर दाखवला. मनुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, तिला प्रवास नको सांगितला होता. येसूबाई तिच्याशिवाय जायला तयार नाही. म्हणून दोघींनी तो पाहिलाच नाही. मग कळलं की एका मराठी चॅनलवर रविवारी दुपारी तो लागणार आहे. तोवर गणराजच्या पूर्वी नावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हळदीला महिनाभर राहिला होता आणि घरात सगळं ठरलं होतं: पूर्वीचे धवले आजी आणि मनुआजी गाणार. पूर्वीने डीजेवाल्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की धवले संपल्याशिवाय पेटीचं झाकण उघडायचं नाही.

त्या रविवारी मनुबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. तिच्या ओटीवर आळीतल्या बायका जमल्या; येसूबाईकडे लग्नाची पाहुणी आली होती, म्हणून ती आपल्याच घरी बघत होती. गणराजने देवळासमोरही मोठा टीव्ही लावला होता, तिथे पुरुष मंडळी. कार्यक्रम सुरू झाला, चार गाणी झाली आणि चौक दिसला. येसूबाई दिसली, पडद्यावर भरून दिसली. समई दिसली. मनुबाईचा आवाज आला, खणखणीत. पण मनुबाई नव्हती. पडदा काठोकाठ भरलेला, कुठे पट्टी नाही, आणि डाव्या हाताला जिथे मनुबाई हवी तिथे चौकाची रांगोळी पडद्याच्या कडेला जाऊन संपत होती. येसूबाई गाताना सारखी त्या कडेकडे बघत होती, पडद्याबाहेर कुठेतरी. मग तांदूळ वाहायची वेळ आली. तेव्हा डावीकडून एक हात आत आला. सावळा, बांगड्या नसलेला हात. त्याने तांदूळ वाहिले आणि तो परत गेला. गाणं संपेपर्यंत तो हात असाच येत-जात राहिला.

कमळ, म्हणजे मनुबाईची सून, उठून उगाच पाणी आणायला आत गेली. मनुबाई एवढंच म्हणाली, "येसू दिसली ना? मंग झाला." तिने टीव्ही बंद केला, रिमोट पिशवीत घातला आणि लुगडं बदलायला गेली.

काय झालं ते गणराजच्या पहिल्या मिनिटालाच लक्षात आलं होतं. त्याने स्वतः तेच वर्षानुवर्षं केलं होतं. तेजस्वीचं चित्र लांबलचक होतं. चॅनलवाल्यांना पट्ट्या नको होत्या, प्रेक्षक फोन करतात म्हणून. त्यांनी चित्र मोठं केलं, पडद्यात मावेना म्हणून एका बाजूला सरकवलं. ओळ उचलणारी ठेवली आणि झेलणारी कापली. त्यात कुणाचा काही डाव नव्हता. तिथे बसलेल्या माणसाला मनुबाई ही विधवा आहे की सवाशीण, हे माहीत असायचं कारणच नव्हतं.

पण हे गावाला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर एक गोष्ट तयार झाली आणि संध्याकाळपर्यंत ती पक्की झाली. शुभकार्याची गाणी म्हणून मनुबाईला काढली. आणि काढली कोणी? टीव्हीवाला आपल्याच गावात आहे की. येसूबाई पडद्यावर भरून दिसली, लेक कोणाचा? दोनात दोन मिळवायला आमच्या गावात वेळ लागत नाही, उत्तर पाच आलं तरी चालतं. ज्यांनी मालिकेतल्या सुनेसाठी गणराजला जाब विचारला होता, त्यांना हे अगदी सरळ वाटलं. मला त्या दिवसांत गावाचा खरोखर राग आला होता, आणि मी तो दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवला. फरक काही पडला नाही.

गणराज मनुबाईकडे गेला. लांब चित्र, आखूड टीव्ही, सगळं सांगितलं. खोलीपेक्षा लांब चटई अंथरली की एक टोक मुडपावं लागतं, तसं झालं म्हणाला. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "तू टीवीवाला ना रं? मंग तुज्या हातान नव्हता?"

नव्हतं, असं तो म्हणाला.

"पुरी कापली आसती तरी चालला आसता," मनुबाई म्हणाली. "नुसता हात ठेवला माजा. बोरका हात."

तिने बांगड्या नसलेलं मनगट पदराआड घेतलं. त्याने हळदीचा विषय काढला तेव्हा तिने आपल्याला खोकला झाल्याचं सांगितलं. खोकला तिला नव्हता, आणि हळद अजून तीन आठवड्यांवर होती. घरी येऊन त्याने आईला सांगितलं. येसूबाई म्हणाली, मनू नाही तर मीही नाही, आणि वर विचारलं की नातीच्या लग्नात मला भिंतीकडे बघून गायला लावणार आहेस का. स्वतः मनुबाईकडे जायला मात्र ती तयार नव्हती. एवढ्या वर्षांची मैत्रीण आपल्याबद्दल असा विचार करू शकते, याचा तिलाही घाव बसला होता. दोन्ही घरांमध्ये अंतर किती, तर एक विहीर आणि मोरूने लावलेलं चिकूचं झाड. तेवढं ओलांडायला दोघी राजी नव्हत्या.

गणराजने तेजस्वीला फोन लावला. ती आधीच भडकलेली होती. न विचारता कापलं, असं तिचंही म्हणणं होतं, आणि चॅनलशी तिचं भांडण चालू होतं. गणराजने भांडणाची चौकशी केली नाही. अख्खा सिनेमा मिळेल का, आमच्या गावच्या चॅनलपुरता, एवढंच विचारलं. तिने तो पाठवला. त्याने आपल्या खोलीत दार लावून पाहिला, दोघींचं गाणं आलं तेव्हा दोन्ही टोकांना दोघी बसलेल्या दिसल्या, आणि तो एकटाच बसून रडला. हे त्याने मला स्वतः सांगितलं, लपवलं नाही.

आता प्रश्न पट्ट्यांचा. अख्खं चित्र दाखवायचं तर वर-खाली काळं राहणार. काळं दिसलं की गाव रिमोट उचलणार, मोठं करणार, आणि पुन्हा कडा जाणार. मोरूनेच तर गावाला ते बटण शिकवलं होतं. गणराजने दोन दिवस डोकं खाजवलं. मग त्याला सुचलं ते आमच्या भागातल्या माणसालाच सुचावं. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे काय थाट, हे उरण-पनवेलच्या रस्त्यांवरून एकदा गेलेल्याला सांगायला नको. प्रत्येक चौकात फलक, मध्ये वाढदिवसाची मूर्ती गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांची नावं मुंगीएवढ्या अक्षरांत. आपलं नाव फलकावर आलं नाही म्हणून भावाभावांनी बोलणं सोडल्याची उदाहरणं आहेत. गणराजने वरच्या पट्टीत त्या महिन्यातले सगळे वाढदिवस सरकत ठेवले आणि खालच्या पट्टीत शुभेच्छुक. अल्पेशला शुभेच्छा, अमिषाला शुभेच्छा, दिपेशच्या नव्या ट्रेलरला शुभेच्छा. गावातलं एकही घर सोडलं नाही. आता कोण मोठं करेल? मोठं केलं तर स्वतःचंच नाव कापलं जाणार.

रविवारी संध्याकाळी त्याने सिनेमा लावला. फोन शेजारी ठेवून बसला. एकही तक्रार आली नाही. एक फोन आला, तो आपल्या मेहुण्याचं नाव पुन्हा एकदा सरकवता येईल का म्हणून. बघतो, म्हणाला.

पण मनुबाई बघतेय की नाही, हे त्याला कळत नव्हतं. कमळला त्याने सांगून ठेवलं होतं की काहीही करून टीव्ही लाव. कमळने लावला होता. मनुबाई आधी आतच होती. स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा दारात येऊन उभी राहिली.

आणि गणराज जे विसरला होता ते तिथे घडलं. मनुबाईच्या टीव्हीला मोरू गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. लावायचा आणि बंद करायचा, बस. रिमोट पिशवीत, आणि पिशवीला रबर. मोरूने जसा ठेवला होता तसा तो टीव्ही ठेवायचा, असं मनुबाईचं फर्मान होतं, आणि मोरूने तो मोठा करून ठेवला होता, गणराजच्याच हातून. तेव्हा त्या एका घरात ना पट्ट्या दिसल्या ना कोणाचे वाढदिवस. पडद्यावर नुसता चौक आणि समई. या वेळी चित्र सरकवलेलं नव्हतं, म्हणून कडा दोन्ही बाजूंनी गेल्या होत्या. मनुबाई नव्हती आणि येसूबाईही नव्हती. गाणं चाललं होतं. तांदूळ वाहायची वेळ आली तेव्हा डावीकडून एक हात आला, उजवीकडून दुसरा. एकात हिरवा चुडा, एकात काही नाही. दोन्ही हातांनी तांदूळ वाहिले आणि दोन्ही मागे गेले.

मनुबाई पायात चपला न घालता बाहेर पडली. विहीर ओलांडली, चिकूचं झाड ओलांडलं आणि येसूबाईच्या दारात उभी राहून म्हणाली, "येसू, तुना पन कापली गो."

येसूबाई आपल्या टीव्हीसमोर बसली होती. तिने वळून बघितलं, शेजारची जागा हाताने झटकली. मनुबाई बसली. समोर अख्खा सिनेमा चालला होता. वर कुणाला दीर्घायुष्य लाभो, खाली समस्त मित्रमंडळ, आणि मध्ये ती लांबलचक वाडी, पोफळीच्या ओळी, मोठा चौक, आणि दोन टोकांना दोघी बसलेल्या. लहान दिसत होत्या, पण होत्या. येसूबाई ओळ उचलत होती आणि समोर बघत होती. मागच्या रविवारी सगळ्यांना वाटलं होतं ती पडद्याबाहेर कुठेतरी बघतेय. ती एका जागी बघत होती, आणि तिथे मनुबाई बसली होती. एका ओळीला येसूबाई अडखळली. मनुबाईने तिकडून शब्द दिला, फक्त ओठ हलवून, आणि येसूबाईने तो उचलला. हे चौलला शंभर माणसांच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी कोनाकडं बगत व्हती ता दिसला आता?" येसूबाईने विचारलं.

मनुबाईने मान हलवली. मग लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं आणि आपला खोकला बरा झाल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गणराज तिचा टीव्ही नीट करायला गेला तेव्हा तिने त्याला रिमोटला हात लावू दिला नाही. मोरूने ठेवलाय तसा राहू दे, म्हणाली. पूर्ण बघायचं असलं की ती येसूबाईकडे येते. आता रोजच येते, आणि मालिकेतल्या सासूचं काही चुकलं तर दोघी मिळून गणराजला बोलतात. गावातल्या त्या पाचवाल्या गणिताचं पुढे काय झालं, तर काही नाही. कोणी माफी मागितली नाही. नवा विषय मिळाला आणि तो विषय सुटला.

पूर्वीची हळद झाली. मांडवात मोठा चौक पुरला. दोघी येऊन आपापल्या टोकाला बसल्या, मध्ये पूर्वी. त्या जुन्या हळदीतली चुलतीही पाहुण्यांत होती. मनुबाईने तिला बघितलं, आणि बांगड्या नसलेला हात पदराआड न घेता समोर मांडीवर ठेवला. शूटिंगला सुजित म्हणून एक जण होता, हुशार, भराभर काम करणारा. त्याच्या हातात मोबाइल, तोही उभा धरलेला, कारण आता सगळे उभंच बघतात. त्याला दोघी एका चित्रात मिळेनात. एक आली की दुसरी जायची. बराच वेळ तो इकडून तिकडे करत राहिला. गणराज मांडवाच्या खांबाला टेकून हे बघत होता आणि काही बोलणार एवढ्यात सुजितनेच हात जोडून विनंती केली: आजी, जरा जवळजवळ बसता का, दोघी यायला पाहिजेत.

येसूबाईने मनुबाईकडे बघितलं. मनुबाई जागची हलली नाही.

"आमी नाय सरकनार," ती म्हणाली. "तूच मागं सर."

सुजित मागे सरला. पाहुण्यांच्या खुर्च्या बाजूला झाल्या, डीजेवाल्याची बंद पेटी ढकलावी लागली, तो मांडवाच्या बाहेर चिकूच्या झाडाखाली गेला. तिथून त्याने हात वर करून आल्याचं सांगितलं, दोघीही आल्या. मग येसूबाईने ओळ उचलली.